माणूस निघालाय

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी लिफ्टला शिव्या देतो, मग इमारत बांधणाऱ्याला आणि शेवटी मला. मला, कारण आतलं लाल बटण दाबलं की फोन माझ्या टेबलावर वाजतो. आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बिघडल्या की दुरुस्त करते. मेकॅनिक पोहोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हे माझं काम. "घाबरू नका. दार ओढू नका. माणूस निघालाय," ही वाक्यं मी झोपेतसुद्धा म्हणते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. ह्यांच्या म्हणण्यावर किती विश्वास ठेवायचा ते पुढे कळेलच.

मला हे काम मनापासून आवडतं. रडकुंडीला आलेला माणूस माझ्याशी बोलता बोलता सासूच्या तक्रारी सांगायला लागतो, आणि दार उघडलं की म्हणतो, "बाई, एक मिनिट, गोष्ट अर्धी राहिली." अशी नोकरी कोणाला मिळते?

पण लिफ्टचा एक स्वभाव आहे. त्या सकाळी नऊच्या सुमाराला अडकतात, नेमक्या सगळी ऑफिसं उघडतात तेव्हा. म्हणून नऊला मी खुर्चीत हवी म्हणजे हवी. ते आजवर कधी चुकलं नाही, कारण हे मला स्कूटरवरून सोडायचे आणि संध्याकाळी घ्यायला यायचे. लग्नाचं वय जेवढं, जवळपास तेवढं ह्या फेऱ्यांचं वय. मग ह्यांचे डोळे दगा द्यायला लागले. ऑपरेशन झालं, पण व्हायला हवा होता तेवढा फरक पडला नाही. डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, हवं ते करा. गाडी मात्र चालवायची नाही."

स्कूटर विकली. हेल्मेट ह्यांनी फडक्याने पुसून कपाटावर ठेवलं आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. नंतर इतके बोलायला लागले की ते दोन दिवस बरे होते असं मला वाटलं.

मी बसने जायला लागले. एक बस चौकापर्यंत, पुढे दुसरी, आणि दुसरी येणार तिच्या लहरीप्रमाणे. मला उशीर व्हायला लागला. आमच्या मॅनेजरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, तुम्ही फायलिंगला या ना. तिथे थोडं मागेपुढे चालतं. फोनचं काय, रेकॉर्ड केलेला आवाज लावता येतो."

रेकॉर्ड केलेला आवाज! तो विचारणार आहे का कोणाला, सकाळी चहा झाला का म्हणून? राग माझ्या नाकावरच असतो. मी म्हटलं, "सोमवारपासून मी नऊच्या आत इथे दिसेन. नाही दिसले तर खुशाल फायलिंगला टाका." म्हटलं खरं, पण कशी दिसणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं.

रात्री जिन्याखालून केरसुणी काढताना मुलीची कॉलेजातली सायकल हाताला लागली. जेवताना मी जाहीर केलं, "मी सायकलने जाणार."

मुलगी चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. हे म्हणाले, "या वयात?"

"माझ्या वयाचं मी बघून घेईन."

"बारा किलोमीटर आहे."

"माहितीये. रोज तर जात होते तुमच्या मागे बसून."

"मागे बसून," हे एवढंच म्हणाले आणि ताटात बघून जेवायला लागले. ह्यांच्या तोंडून दोनच शब्द बाहेर पडले, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

सायकलवाल्याने नवे टायर घातले, ब्रेक आवळले, सीट खाली घेतली. मग म्हणाला, "ताई, रोज एवढ्या लांब जायचं तर गिअरची घ्या."

"गिअर कशाला? मला काय डोंगर चढायचाय?"

हे जोरात खोकले.

"काय झालं?"

"काही नाही. धूळ," हे म्हणाले.

घोडामैदान जवळच होतं. रविवारी तालीम ठरली. मी सायकलवर, आणि मागून मुलगी शेजाऱ्यांची गाडी चालवत, बाजूला हे, काच खाली करून. "डावीकडे घे! खड्डा! अगं, रिक्षाला जाऊ दे आधी!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट समजलं. पहिल्या चौकात सायकल नुसती डुगडुगत होती. पण वाटेतली पाण्याची टाकी मागे पडली आणि काय सांगू, सायकल पळायलाच लागली. मी पायडल मारतही नव्हते म्हटलं तरी चालेल. पळायचा व्यायाम करणाऱ्या एका तरण्याताठ्या पोराला मी मागे टाकलं. इतकी वर्षं खुर्चीत बसून अंगात ही ताकद साठत होती की काय, असं वाटून मी गाडीकडे बघून हात हलवला. ह्यांनीही हलवला.

ऑफिसच्या फाटकाशी वॉचमन म्हणाला, "बाई, आज सुट्टी आहे."

"माहितीये. तालीम आहे," मी ऐटीत म्हटलं आणि सायकल परत वळवली. तेवढ्यात हे गाडीतून उतरले.

"बास. जायची तालीम होती, ती झाली. टाका सायकल डिकीत. मला भूक लागलीये."

मुलगी म्हणाली, "पण बाबा, येताना तो—"

"तू डिकी उघड."

घरी येईपर्यंत ह्यांनी माझं कौतुक केलं. काय तो तोल, काय तो वेग, काय ते वळण घेणं! लग्न झाल्यापासून केलं नव्हतं तेवढं एका फेरीत. मागच्या सीटवर मी हरभऱ्याच्या झाडावर पार शेंड्यापर्यंत पोहोचले होते. बाहेर बघायला वेळ कुठे होता?

सोमवारी सकाळी उठून बघते तर ह्यांनी सायकलमध्ये हवा भरून ठेवलेली, बाटलीत पाणी भरलेलं, डबा कॅरिअरला बांधलेला. मग कपाटावरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर घातलं.

"अहो, स्कूटरचं आहे. केवढं जड!"

"आतला ऐवज तरी कुठे हलका आहे?" म्हणून पट्टा लावून दिला. पट्टा लावताना त्यांची बोटं जरा रेंगाळली.

नऊला दहा मिनिटं कमी असताना मी खुर्चीत होते. घाम पुसते न पुसते तोच फोन वाजला. दातांचे एक डॉक्टर अडकले होते, दोन मजल्यांच्या मधोमध. वर पेशंट ताटकळलेला, आणि खाली उतरायला जागा नाही. आवाज कापत होता. मी म्हटलं, "डॉक्टर, पेशंटची काळजी करू नका. तुम्ही अडकलात हे ऐकून त्याची दाढ आत्ताच बरी झाली असेल." पलीकडून मोठ्याने हसू आलं. मेकॅनिक पोहोचेपर्यंत डॉक्टरांनी मला स्वतःच्या दुखऱ्या दाढेबद्दल सांगितलं, जी ते दोन वर्षं कोणाला दाखवत नव्हते. फोन ठेवून मागे वळले तर मॅनेजरबाई उभ्या. फायलिंगचं नाव त्यांनी काढलं नाही. दिवसभर मी हवेत होते.

गर्वाचं घर खाली म्हणतात. माझ्या बाबतीत ते वर होतं, आणि तिथवर मला सायकलने जायचं होतं.

संध्याकाळी निम्मा रस्ता छान गेला. मग सायकल जड व्हायला लागली. आधी वाटलं, हवा गेली. उतरून टायर दाबले, दगडासारखे टणक. ब्रेक चिकटला असेल म्हणून चाक उचलून फिरवलं, तर गरगर फिरलं. पुन्हा बसले आणि पायडलवर उभी राहून जोर लावला. सायकल चार हात पुढे गेली आणि दमलेल्या म्हशीसारखी थांबली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी दुसऱ्यांना नेहमी म्हणते. पण मान वर करून बघितलं तर अंगण खरोखरच वाकडं होतं. रस्ता समोर चढत चालला होता, सावकाश, न थांबता, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकी उंचावरच बांधतात, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

म्हणजे सकाळी ती ताकद माझी नव्हती, उताराची होती. रविवारचीही. आणि इतकी वर्षं या रस्त्यावरून रोज जाऊन हा चढ मला कसा माहीत नव्हता? तर मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पाठ दिसते. मला ह्यांच्या प्रत्येक शर्टाची शिवण पाठ होती, चढ ठाऊक नव्हता.

मी सायकल ढकलायला लागले. हेल्मेट हँडलला लटकवलेलं, ते दर पावलाला गुडघ्यावर आपटत होतं. घाम डोळ्यांत जात होता. रविवारी मागे टाकलेला असावा तसाच एक पोरगा शेजारून पळत वर गेला, "काकू, मदत हवी का?" म्हणाला, आणि मी "नको" म्हटलं ते इतकं तोडून की बिचारा आणखी जोरात पळाला. थोडं पुढे जाऊन मी सायकल झाडाला टेकवली आणि तिथेच बसले. रोज संध्याकाळी हे? नाही जमायचं. उद्या मॅनेजरबाईंना सांगायचं, घ्या तुमचा फोन, लावा तो रेकॉर्ड केलेला आवाज. हा विचार आला आणि मला रडूच कोसळलं. दातांच्या डॉक्टरांना मी म्हटलं होतं, पुन्हा अडकलात तर मी आहेच म्हणून.

मी ह्यांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"अहो, मी..."

पलीकडून अगदी शांत आवाज आला. "बोला बाई. कुठे अडकलात?"

"चढावर."

"घाबरू नका. दार ओढू नका. माणूस निघालाय."

मी हसावं की फोन फेकावा? काही ठरायच्या आतच वरच्या वळणावरून हे येताना दिसले. एका हातात फोन कानाला लावलेला, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, चालीत जराही घाई नाही.

"तुम्ही इथे कधीपासून आहात?"

"ऊन उतरल्यापासून. वळणावर कठडा आहे, बसायला बरा आहे." ह्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

"म्हणजे तुम्हाला चढ माहीत होता!"

"स्कूटर इथे रोज सेकंडवर घ्यायचो. मला माहीत नसणार तर कोणाला?"

"आणि सांगितलं नाहीत! रविवारी मुद्दाम सायकलने परत येऊ दिलं नाहीत! वर ते कौतुक!"

"सांगितलं असतं तर जिन्याखालून सायकल काढली असतीस?"

मी पाणी प्यायले. नसती काढली, हे दोघांनाही माहीत होतं.

"तू तो फोन सोडून घरी बसली असतीस ना," हे म्हणाले, "तर दिवसभर माझ्याशी बोलली असतीस. मला कोण सोडवणार?" मग थोडा वेळ टाकीकडे बघत राहिले. त्यांना ती कितपत दिसत होती कोण जाणे. "आणि खरं सांगू? सकाळ-संध्याकाळ मला एक काम होतं गं. तुला न्यायचं, आणायचं. ते गेलं. घरात बसून घड्याळाकडे बघत होतो. आणायचं अर्धं काम तरी राहू दे मला."

इतकी वर्षं लोकांना बोलतं ठेवायचा पगार घेते, आणि घरातला माणूस आत अडकून बसलाय हे मला कळलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. हात गरम होता आणि घामेजलेला.

"चल, बस सीटवर," हे म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी मागे. जरा मलाही पाठ बघू दे."

त्यांनी कॅरिअर धरलं आणि ढकलायला लागले. मी पायडल मारत होते, मागून सूचना चालू होत्या, डावीकडे घे, सरळ बघ, हेल्मेट घाल. मी उलट उत्तरं देत होते. उतरून बरोबर चालले असते तर दोघांनाही सोपं गेलं असतं, पण ते मी बोलले नाही आणि त्यांनीही सुचवलं नाही. येणारेजाणारे बघून हसत होते. टाकीपाशी पोहोचलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

ह्यांनी कमरेवर हात ठेवून दम घेतला, घाम पुसला आणि माझ्याच फोनवरच्या आवाजात विचारलं, "बाई, उद्या साधारण किती वाजता अडकणार आहात?"