माथ्यावरचं घरटं

लाइनमनने तिसरा कॅमेरा कानाशी धरून हलवला. गेलेला बल्ब हलवून आतली तार तुटलीय का ते बघतात, तसा.

"काका, तो वाजत नाही," काउंटरपलीकडच्या बाई म्हणाल्या. "वाजला तर आम्हीच परत पाठवतो."

"हलका वाटतो."

"मघाचा जड वाटला होता."

"जडच होता तो."

बाईंनी कॅमेरा त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला, फडक्याने त्यावरचे बोटांचे ठसे पुसले आणि पहिल्या दोन कॅमेऱ्यांच्या शेजारी ठेवला. चाळिशीच्या पुढच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या या बाईंना गिऱ्हाइकाची घाई नव्हती. गुरुवारची दुपार होती आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतंही.

"बाहेर वापरायचाय म्हणालात. धूळ चालेल, पाणी उडालं तरी चालेल, हातातून पडला तरी फुटणार नाही, खिशात मावेल. हे तिन्ही तसलेच आहेत. आता यांत वाईट काय आहे ते तरी सांगा."

"याची बटणं बारीक आहेत. आणि या लालवाल्याचा पडदा उन्हात दिसायचा नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," बाई हसून म्हणाल्या. "एकदा ऊन बघून तर या."

लाइनमन हसला नाही. पस्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेली, त्यामुळे त्याची बोटं खरोखरच जाड होती आणि बटणं खरोखरच बारीक. पण अडचण बटणांची नव्हती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक त्याला लाइनमनच म्हणत, आणि लाइनमनला परक्यांशी खोटं बोलायची सवय नव्हती. सवय नसलेलं काम माणूस करायला गेला की कुठे ना कुठे अडकतो, तसा तो अडकला होता.

"फोटो कसला काढायचाय?" बाईंनी विचारलं. "माणसांचा, की निसर्ग वगैरे?"

"घरट्याचा."

"अरे वा. किती उंचावर आहे?"

त्याने लाल कॅमेरा पुन्हा उचलला.

"म्हणजे झाड केवढं आहे, काका? हात पोचतो का? तुम्ही झाडाखाली उभं राहून काढणार ना?"

"असेल," तो म्हणाला. "दोन पुरुष उंच असेल."

"असेल म्हणजे?"

"आहे. दोन पुरुष."

घरटं नव्हतं. दोन पुरुष उंचीवर नव्हतं आणि एका पुरुषावरही नव्हतं.

गावाबाहेरच्या टेकडीवर तो आणि त्याची बायको दर शनिवारी सकाळी जात, ते अठ्ठावीस वर्षं. तो पुढे, ती मागे. पहिल्या वळणावर ती कंबरेवर हात ठेवून थांबे आणि म्हणे, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." तो कधी पुढे झाला नाही. तिथेच उभा राहून कुरकुर करायचा, की अशाने माथ्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येईल. गेल्या वर्षी बायको न्हाणीघरात पडली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण चालणं घरापुरतंच उरलं, तेही वॉकर धरून, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि परत.

तिनेच त्याला शनिवारी पुन्हा बाहेर काढलं. "घरात कोंडून घेऊ नका," म्हणाली, "माझं काय ते मी बघते, तीन तासांत काही होत नाही." तो गेला. पहिल्या वळणाशी दहा मिनिटांत पोचला आणि सवयीने थांबला. मागून कोणी येत नव्हतं. तरी तो उभा राहिला. दोन पोरं पळत वर गेली, एक म्हातारा खाली गेला, आणि आपण कोणाची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो खाली उतरला आणि टेकडीच्या पायथ्याशी बसथांब्यावर जाऊन बसला. घरी लवकर गेलं तर ती विचारील, म्हणून नेहमीची वेळ होईपर्यंत बसला. बस येत होत्या, जात होत्या. एका कंडक्टरने तर विचारलंही, आजोबा, चढणार आहात का?

घरी ती उशीला टेकून वाट बघत होती. "कसं होतं वर?"

"छान."

"छान म्हणजे?"

आणि मग त्याला सांगणं भाग पडलं. माथ्यावरच्या वाळक्या झाडाला पालवी फुटलीय, अशी पहिली थाप त्याच्या तोंडून निघाली. पुढच्या शनिवारी तिने विचारलं, पालवी टिकली का, आणि त्या झाडावर पाखरं येतात का. तो म्हणाला, येतात. तिसऱ्या शनिवारी घरटं झालं. मग अंडी, मग पिल्लं. एक पिल्लू खाली पडलं, तेव्हा तिचा चेहरा असा उतरला की पुढच्या आठवड्यात त्याने ते कोणीतरी उचलून वर ठेवल्याचं सांगून टाकलं. सात महिने हे चाललं होतं. लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही म्हणतात, पण इथे ती ते डोळे मिटून, पोटभर ऐकत होती. आणि बसथांब्यावरचे ते तीन तास तो पुढच्या थापेची जुळवाजुळव करत काढी. तेवढीच त्याला सोबत.

परवा ती म्हणाली, "तुमच्या फोनमध्ये फोटो निघत नाही. एक लहानसा कॅमेराच घेऊन या. मला ते घरटं बघायचंय."

"काका," बाई म्हणाल्या, "ताकाला येऊन भांडं लपवू नका. कॅमेरा तुम्हाला हवाय की कोणी पाठवलंय?"

"बायकोने."

"मग त्यांनाच विचारा ना."

ही चांगली सुटका होती. त्याने खिशातला बटणांचा फोन काढला आणि पाठ फिरवून घरी लावला. दुसऱ्याच रिंगला तिने उचलला. फोन तिच्या उशाशीच असतो.

"अगं, इथे एकही धड नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पुन्हा कधीतरी बघू. पाऊसकाळ गेला की नवीन येतात म्हणे."

"दुकानात कोण आहे?"

"एक बाई आहेत."

"त्यांना द्या."

"अगं, त्या कामात आहेत..."

"द्या हो."

त्याने फोन दिला. आता संपलं, असं त्याला वाटलं. बाई तिला विचारतील, झाड केवढं, घरटं केवढं. दोन्हीकडची उत्तरं जुळणार नाहीत आणि सगळं उघडं पडेल. तो काचेखाली मांडलेल्या कॅमेऱ्यांच्या पट्ट्या बघत राहिला. कान मात्र तिकडेच होते.

"हो, काकू. बोला... हो, तेच तर, मी तीन दाखवले... कुठून?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अच्छा. मग लांब किती पडेल?... असं होय. नाही नाही, ते यांत नाही होणार, त्याला वेगळा लागतो. आहे ना, आहे माझ्याकडे... हो, देते की."

बाईंनी फोन तळहाताने झाकला आणि लाइनमनकडे बघून मान हलवली.

"कमाल करता काका. आधी नाही का सांगायचं? काकू म्हणतात, टेकडीच्या पायथ्याशी बसथांब्यावर बसल्या बसल्या माथ्यावरचं झाड दिसेल असा कॅमेरा द्या. आणि मी मघापासून तुम्हाला चढणाऱ्यांचे दाखवतेय."

त्यांनी फोन त्याच्या हातात ठेवला आणि मागच्या कपाटाकडे वळल्या.

लाइनमनने फोन कानाला लावला.

"अहो," बायको म्हणाली. "आहात ना?"

"आहे. तुला कोणी सांगितलं?"

"इथे सांगायला कोण येतंय? टेकडीवरून आल्या आल्या जेवायला वाढ म्हणून तुमची घाई असायची. पायातले बूट काढायलाही थांबायचा नाहीत. आता ताटातलं तसंच राहतं. बसून आलेल्या माणसाला भूक कुठून लागणार? आणि थांबा सोडून तुम्ही बसणार तरी कुठे?"

"कधीपासून कळलं?"

"पालवी फुटली तेव्हापासूनच."

"मग बोलली का नाहीस?"

मागे तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"बोलले असते तर गेला नसतात. दिवसभर माझ्याकडे बघत बसला असतात. म्हटलं, वर नाही तर नाही, निदान चार माणसांत बसतील." मग आवाज जरा खाली आला. "पण ते तीन तास मला जात नाहीत हो. शनिवार आला की सारखी घड्याळाकडे बघत बसते."

लाइनमनने मोकळा हात काउंटरवर टेकवला. मलाही जात नाहीत, असं त्याला म्हणायचं होतं. ते इतकं सोपं होतं की सात महिन्यांत कधीही म्हणता आलं असतं.

"मी तुझ्यासाठी जात होतो," तो म्हणाला.

"आणि मी तुमच्यासाठी पाठवत होते. काय म्हणायचं आता आपल्याला?"

"काका, या इकडे," बाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात जरा जाडसर, काळा कॅमेरा होता. "पायरीवरून तुमची टेकडी दिसते. बघूनच घ्या, म्हणजे पुन्हा अंगण वाकडं नको."

तो फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून पायरीवर आला. समोर पत्र्यांची छपरं होती, त्यांच्यामागे पाण्याची टाकी, आणि तिच्याही मागे टेकडी, सगळी मिळून वीतभर. बाईंनी कुठली कळ ढकलायची ते दाखवलं. त्याने ढकलली. लेन्स गुरगुरत पुढे सरकली, छपरं गेली, टाकी गेली, टेकडी पडद्यात मावेनाशी झाली आणि मग नुसता माथा राहिला. माथा इकडून तिकडे हेलकावत होता.

"श्वास रोखा," बाई म्हणाल्या. "कोपरं पोटाशी घ्या. हं, आता."

चित्र ठरलं.

"दिसलं का?" बायकोने विचारलं.

"दिसलं."

"काय दिसतंय?"

त्याच्या जिभेवर सगळं तयार होतं. पानं, पाखरं, मोठी झालेली पिल्लं. सात महिन्यांचा सराव होता, शब्द आपोआप पुढे आले असते. त्याने डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"झाड वाळकंच आहे गं," तो म्हणाला. "पालवी नाही, काही नाही. एक फांदी मोडलीय."

"कुठली? पायवाटेकडची?"

"हो. बुंध्यापासून गेलीय."

"ती जाणारच होती," बायको म्हणाली. "आपण शेवटचे गेलो तेव्हाच मी तुम्हाला म्हटलं होतं, तिला चीर पडलीय. तुम्ही लक्षच दिलं नाहीत. उन्हाची घाई तुम्हाला."

"खरंय."

"मग बुंधा कसा दिसतोय? तोही पोखरलाय का?"

बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आत निघून गेल्या. लाइनमन पायरीवर बसला. कोपरं गुडघ्यांवर टेकवली, म्हणजे हात हलायचा नाही, आणि कळ अजून थोडी पुढे ढकलली.

"थांब," तो म्हणाला. "नीट बघून सांगतो."