दोन जास्तीच्या मात्रा

मी जोब हॅलेटची सुरांची वही बोलतेय. मेणबत्तीच्या चरबीनं आणि सांडलेल्या सायडरनं, म्हणजे सफरचंदाच्या दारूनं, माझं वेष्टण काळवंडलंय, तेव्हा दिसण्यावर जाऊ नका.

जोब इंग्लंडात डॉर्सेटमधल्या एका खेड्यात गवतानं छपरं शाकारायचा. रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचा, शनिवारी गावच्या नाचाला. म्हणून एका बाजूनं माझ्यात भजनं आहेत आणि उलटी धरली की नाचाच्या चाली. पाद्रीबाबांनी मला कधी उलटी धरली नाही.

एका चालीत जोबनं दोन मात्रा जास्त लिहिल्या. त्याची बायको टॅमसिन पायानं अधू होती. नाचणाऱ्यांच्या दोन रांगांमधून खालच्या टोकाला पोचायला तिला जरा उशीर व्हायचा. जोब तेवढा थांबायचा. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, म्हणून त्यामागचं कारण कुणी लिहून ठेवलं नाही.

पुढे चर्चमध्ये ऑर्गन आला, वादक घरी बसले. जोब गेल्यावर मी पेटीत, लोकरी मोज्यांखाली शंभर वर्षं काढली.

जोबच्या पणतीनं, म्हाताऱ्या हेस्टरनं, मला बाहेर काढलं आणि दर बुधवारी पबमध्ये जमणाऱ्या वादकांकडे नेलं. ते हरखून गेले. छापील चाली गुळगुळीत होतात म्हणे. माझ्यात त्यांना माणसाचा हात दिसत होता. तरी त्या एका चालीपाशी कॉन्सर्टिना हे हातातलं भात्याचं वाद्य वाजवणारा रॅल्फ अडला.

"हेस्टरबाई, तुमच्या पणजोबांना इथे सायडर जास्त झाली होती बघा," म्हणाला, आणि त्यानं दोन्ही मात्रांवर पेन्सिलीनं काट मारली. सगळे हसले. हेस्टरही हसली. मी काय करणार?

महिन्याभरानं गावच्या सभागृहात नाच झाला. मी रॅल्फपुढच्या स्टँडवर होते. हेस्टर काठी टेकत रांगेत उतरली. ती चाल सुरू झाली. हेस्टर अजून वाटेतच होती आणि वाद्यं पुढे निघून गेली. ती बाजूला झाली.

"बसते मी. तुमचं चालू द्या."

रॅल्फचे हात थांबले. त्यानं तिच्या काठीकडे पाहिलं, मग माझ्यावरच्या पेन्सिलीच्या काटेकडे.

"परत या बघू," तो हळूच म्हणाला. "या वेळी आम्ही थांबतो."

दोन मात्रा वाजल्या. हेस्टर नेमकी जागेवर पोचली.

रॅल्फनं काट खोडरबरानं पुसली. पुसट रेघ राहिलीय, असू दे. आता मला काचेच्या कपाटात ठेवणार, असं कानावर आलंय. ठेवा. पण अधूनमधून बाहेर काढा, उलटी धरा, आणि त्या जागी आलात की थांबा. कुणीतरी वाटेत असेल.