पडणार का रे, हॉलिस?

"मग काय, हॉलिस? पडणार का नाही ते एकदाचं सांगून टाक. बर्फाच्या धास्तीने लोक दुकानातला पाव संपवतील, त्याआधी मला जायचंय!"

व्हर्नाने कॉफीचं भांडं टेबलावर आदळलं. गुरुवारची सकाळ होती. तिच्या खाणावळीतलं खिडकीजवळचं टेबल कित्येक वर्षं दोघांच्याच नावावर होतं. एक हॉलिस ब्रँटली, गॅसच्या कंपनीचा ट्रक चालवणारा, घरोघरच्या अंगणातल्या टाक्या भरणारा. दुसरा ऑडेल क्रम, गावाचा न्हावी. दोघांनाही एकच खूळ होतं, बर्फाचं. आता अलाबामाच्या त्या दक्षिण टोकाला बर्फ पडतो तो कधीतरी, चार-पाच वर्षांतून एकदा, आणि पडला तरी दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. पण डिसेंबर लागला की या दोघांची डोकी फोनमध्ये. संगणकांचे अंदाज दिवसातून चारदा बदलायचे आणि चारही वेळा यांची कॉफी गार व्हायची.

"अमेरिकावाला संगणक म्हणतो शनिवारी दुपारी दोन इंच बर्फ," ऑडेल म्हणाला. "युरोपवाला म्हणतो नुसता पाऊस. सीमारेषा कुठून जातेय माहितीये? आपल्या पाण्याच्या टाकीवरून. टाकीच्या अलीकडे पाऊस, पलीकडे बर्फ!"

"म्हणजे माझं घर अलीकडे की पलीकडे?" व्हर्नाने विचारलं.

"ते हॉलिसला विचार."

"त्याला काय विचारायचं? तो पडणार म्हणाला की मी छत्री काढते."

आसपासची टेबलंही हसली. एरवी हॉलिसही हसला असता आणि वर दोन शब्द सुनावले असते. आज तो काट्याने अंड्याचा बलक इकडून तिकडे ढकलत बसला होता.

"तुला झालंय काय?" ऑडेलने आवाज खाली आणला.

"रेनेल येतेय शनिवारी. म्हणजे, येईन म्हणालीय."

ऑडेलने फोन पालथा ठेवला.

रेनेल ही हॉलिसची एकुलती एक मुलगी. राज्यातल्याच बर्मिंगहॅम शहरात असायची. आईच्या दफनानंतर, म्हणजे गेली दोन वर्षं, तिने बापाच्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. त्या दिवशी काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाद्री प्रार्थना म्हणत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली. तेवढ्यात आभाळातून बर्फाचे चार कण उतरले. चारच. एक शवपेटीच्या झाकणावर येऊन बसला. आणि हॉलिस, काळ्या कोटातला, ताजा विधुर हॉलिस, आभाळाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "पडतोय!" चेहऱ्यावर चक्क हसू. रेनेलने डोळे उघडले ते नेमके त्या हसण्यावर. ती जेवायलाही थांबली नाही, गाडी काढून निघून गेली.

आपण का हसलो, हे हॉलिसला अजूनही नीट सांगता आलं नसतं. आनंद झाला होता का? बायकोच्या खड्ड्याशी उभं राहून? माणूस असा कसा असतो? रात्रंदिवस त्याने स्वतःला विचारून पाहिलं होतं.

"ऑरेगॉनला चाललीय ती," हॉलिस म्हणाला. "सोमवारी सामान हलणार. देशाचं दुसरं टोक! आईचं निळं भांडं न्यायला येते म्हणाली. आणि म्हणाली, बर्फ पडणार असेल तर सांगा, मग नाही यायची. आपल्याकडचे पूल तुला माहितीच आहेत, जरा गोठले की गाड्या घसरल्याच."

"मग सांग नाही पडणार म्हणून!"

"आणि पडला तर? पुलावरून गेली खाली तर?"

"मग सांग पडणार म्हणून."

"आणि नाही पडला तर? ती यायची राहील ना, गाढवा."

ऑडेलने कान खाजवला. "पण तुझं मन काय म्हणतं?"

तीच तर पंचाईत होती. हॉलिसचं मन आयुष्यभर एकच म्हणत आलं होतं, पडणार! चार अंदाजांपैकी तीन पावसाचे असले तरी तो चौथाच उराशी धरून बसायचा. म्हणून यंदा त्याने ठरवलं होतं, मन सांगेल त्याच्या उलट बोलायचं. पण मनाला आता रेनेलही हवी होती, म्हणजे बर्फ नको होता. मग उलट कशाच्या? नकाशावर बर्फाचा निळा रंग दिसला की तो खूश व्हायचा आणि पुढच्याच क्षणी त्याला पूल आठवायचे. आपण नकाशा बघतोय की आपलीच इच्छा बघतोय, काही कळेना.

शुक्रवारभर हेच. प्रत्येक अंगणात नळी जोडायची आणि बायाबापड्यांनी विचारायचं, "हॉलिस, पडणार का रे?" दुकानात दूध आणि पाव साफ. शाळांनी शनिवारचे सामनेही रद्द करून टाकले. पोरांनी रात्रीचे कपडे उलटे घालायची तयारी केली, तसं केलं की बर्फ येतो म्हणे. युरोपवाला दुपारी फिरला, बर्फ म्हणाला. लगेच अमेरिकावालाही फिरला, पाऊस म्हणाला. हॉलिसने ट्रक कडेला घेतला आणि फोन लावला.

"बोला बाबा. काय ठरलं?"

"रेनेल, मी सगळं बघितलं. दोन दिवस तेच बघतोय." त्याने ट्रकचं इंजिन बंद केलं. "मला माहीत नाही गं."

"काय म्हणालात?"

"माहीत नाही. पडेल किंवा नाही पडणार. मला खरंच कळत नाहीये."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बरं म्हणजे येते की नाही येत? त्याने पुन्हा लावला नाही. धीरच झाला नाही.

शनिवारी सकाळपासून पाऊस लागला, हाडं गारठवणारा. ओसरीवरचा पारा छत्तीस फॅरनहाइटवर, गोठायला बत्तीस हवा. हॉलिसने मक्याचा पाव भाजायला घातला, काढला, गार झाला म्हणून पुन्हा आत सारला. जेवणाची वेळ टळून गेल्यावर अंगणात गाडी वाजली.

रेनेल दारात उभी. केसांतून पाणी निथळत होतं. आईसारखीच उभी राहायची, एका पायावर भार देऊन.

"आलीस!" तो म्हणाला. "पण मी तर म्हटलं होतं..."

"माहीत नाही म्हटलं होतंत. जन्मात पहिल्यांदा! मला वाटलं बाबा आजारीबिजारी पडले की काय. म्हटलं बघूनच यावं."

दोघं स्वयंपाकघरात बसली. ती खिडकीकडे तोंड करून, तो पाठ करून. त्याने फडताळातून बायकोचं, ओझेलाचं, निळं भांडं काढलं. बर्फ आला की ते भांडं ट्रकच्या टपावर ठेवायचं, भरलं की दूध, साखर आणि व्हॅनिला घालून ढवळायचं, आणि तिघांनी उभ्याउभ्याच खायचं, ही ओझेलाची रीत. तो ते वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला.

"तिकडे डोंगरात पडतो म्हणे भरपूर," तो म्हणाला.

"हो. तुम्हाला वेड लागेल तिथे."

त्याने भांड्याला कागदाचा आणखी एक थर दिला. मग तो मान वर न करता बोलला.

"त्या दिवशी मी तिला सांगत होतो गं. तुझ्या आईला. पडला की तिला हाक मारायची सवय ना... तशीच मारली. ती तिथे आहे, पेटीत आहे, हे त्या क्षणी डोक्यातच नव्हतं."

"कळलं होतं मला ते," रेनेल म्हणाली. "गाडीतच कळलं होतं. पण मीही तिथेच उभी होते ना, बाबा. तुम्ही वर बघितलंत. पेटीकडे बघितलंत. माझ्याकडे कुठे बघितलंत?"

हॉलिसचे हात थांबले. तिचं खरं होतं. दोन वर्षं तो आपल्या हसण्याचा विचार करत बसला होता, आणि गोष्ट भलतीच होती.

तेवढ्यात छपरावरचा पावसाचा आवाज मंदावला. मग बंदच झाला. हा थांबलेला आवाज हॉलिस झोपेतही ओळखायचा. रेनेलची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच खिळली. तिचे ओठ किंचित उघडले, अगदी लहानपणी उघडायचे तसे.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "पडतोय."

त्याची मान आपोआप वळायला लागली. मोठ्या कष्टाने त्याने ती जागच्या जागी धरली. समोर रेनेलचा चेहरा होता. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या आल्या होत्या, कधी आल्या देव जाणे. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता.

"भांडं ठेवू का बाहेर?"

"नको," हॉलिस म्हणाला. "ओलं होईल."

काय बोललो हे त्याचं त्यालाच उमगलं नाही. रेनेल हसली, मग तिने डोळे पुसले. "अहो, बघा तरी!"

"बघतोय," तो म्हणाला.

थोड्याच वेळात छपरावर पुन्हा पाऊस वाजायला लागला. पूल गोठायच्या आत पोचायला हवं म्हणून ती उजेड असतानाच निघाली. भांडं तिने शेजारच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. गाडी वळणाआड जाईपर्यंत हॉलिस ओसरीवर उभा होता. अंगणात पाण्याखेरीज काही नव्हतं.

तो आत आला तेव्हा फोन वाजत होता.

"हॉलिस!" ऑडेल नुसता ओरडत होता. "टाकीच्या पलीकडे पडला म्हणतात, दहा-पंधरा मिनिटं! माझ्याकडे एक कण नाही, नशीबच फुटकं! तुझ्याकडे? अरे बोल की, कसा होता? मोठे कण की बारीक?"

हॉलिसने टेबलावरचा उरलेला कागद हाताने सपाट केला.

"माहीत नाही रे," तो म्हणाला. "रेनेल आली होती."