बाईंविरुद्ध ठराव

हॅलोवेलबाईंनी होडी मुद्दाम उलटवली. चार मुली किंचाळत तळ्यात पडल्या. पाचवी, लुएला ट्रास्क, किंचाळली नाही. तिने आधी होडीची कड घट्ट पकडली आणि मग नाकातलं पाणी शिंकरलं.

“शाबास!” बाई पाण्यातूनच म्हणाल्या. “बघितलंत? किंचाळायचं नंतर. आधी होडी धरायची.”

थिओडोरा हॅलोवेल पूर्वी बॉस्टनच्या एका दैनिकात बातमीदार होत्या. आता उन्हाळ्यात मेन राज्यातल्या या तळ्याकाठी त्या मुलींची छावणी चालवत आणि उरलेलं वर्ष बायकांच्या मताधिकारासाठी गावोगाव भाषणं करत फिरत. यंदा मात्र दोन्ही कामं एकमेकांच्या वाटेत आली होती. बायकांना मताचा हक्क द्यायचा की नाही, याचा कौल राज्यातले पुरुष सप्टेंबरात देणार होते.

तो पालकांच्या भेटीचा रविवार होता. बाई निथळत धक्क्यावर चढल्या तेव्हा लुएलाचे वडील तिथेच उभे होते. ट्रास्कसाहेबांची लाकूड कापायची मोठी गिरणी होती, आणि बँगर शहरातली चार मोठी माणसं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

“शनिवारी तुम्ही म्हणे गावातल्या चौकात गाडीवर उभं राहून भाषण करणार?”

“गाडीवर नाही, खोक्यावर. गाडी मिळाली नाही.”

ट्रास्क हसले नाहीत.

“मी मुलीला पोहायला पाठवलंय, राजकारण शिकायला नाही. तुम्ही बोललात, तर लुएला त्याच दिवशी घरी येईल. आणि ती एकटीच येईल असं समजू नका. बाकीच्यांशी माझं बोलणं झालंय.”

दैनिकात असत्या तर बाईंनी जागच्या जागी उत्तर दिलं असतं. पण ट्रास्कांच्या मागे, पाण्यात, लुएला एका भेदरलेल्या मुलीचा हात होडीच्या कडेवर ठेवत होती. बाईंनी नुसतं केसांतलं पाणी पिळलं.

संध्याकाळी जेवणघरात माशाच्या सुपाची भांडी फिरत असताना त्या उभ्या राहिल्या.

“शनिवारी मी गावात जाणार नाही. भाषण दुसरं कोणीतरी करेल.”

छावणीत प्रत्येक गोष्ट मतांनी ठरे. कोणती टेकडी चढायची, नाटक कोणतं बसवायचं, सकाळच्या लापशीत मनुका घालायच्या की नाही, सगळं. “एक दिवस या कार्ट्या मलाच मतांनी हाकलतील,” असं स्वयंपाकीणबाई मिसेस डॉयल नेहमी म्हणत.

लुएलाने चमचा खाली ठेवला.

“बाई, यावर मतं कधी घेतली?”

“हा मतांचा विषय नाही, लुएला. माझं मी ठरवलंय. तुमच्या भल्यासाठीच.”

“पप्पा अगदी अस्संच म्हणतात.”

ती उद्धटपणे बोलली नव्हती. अनोळखी गावात ओळखीचा चेहरा दिसावा, तशी बघत होती. मिसेस डॉयलची पळी हवेतच थांबली. बाई खाली बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा उठल्या, आणि ट्रास्क काय म्हणाले ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तुमच्यातल्या काही जणींना घरी नेतील. कदाचित पुढच्या वर्षी छावणी उघडणारही नाही.

“मग आम्हाला होडी कोण शिकवणार?” एका छोट्या मुलीने विचारलं.

“कदाचित कोणीच नाही. म्हणून नीट विचार करा. मी गावात जाऊ नये, असा माझा प्रस्ताव आहे. बाजूने कोण?”

त्यांनी स्वतःचा हात वर केला. मग मिसेस डॉयलचा वर गेला.

“बघता काय? मला नोकरी टिकवायचीय,” त्या म्हणाल्या.

“विरुद्ध?”

बाकांवरून हात वर होत गेले. लुएलाचा सगळ्यांत शेवटी. कोपर टेबलावरून सुटायला जरा वेळ लागला, पण मग हात सरळ वर गेला.

“प्रस्ताव पडला,” बाई म्हणाल्या. त्यांनी पाव पुढे सरकवला.

शनिवारी चौकात माणसं बऱ्यापैकी होती. ओंडके वाहणारे मजूर, दुकानदार, टोपल्या घेतलेल्या शेतकरणी. बाई खोक्यावर चढल्या आणि बोलायला लागल्या, तेवढ्यात ट्रास्कांची मोटार छावणीच्या रस्त्याने आली. मागच्या बाजूला ट्रंक बांधलेली, पुढे वडिलांशेजारी लुएला. मोटार चौक ओलांडून जाणार होती. लुएला वडिलांकडे वळून काहीतरी बोलली. मोटार गर्दीच्या कडेला थांबली. ट्रास्कांनी इंजिन मात्र चालूच ठेवलं. त्याच्या धडधडीत बाईंचे अर्धे शब्द बुडायला लागले.

“बाई, तुम्ही मतं द्यायला गेलात की घरी स्वयंपाक कोण करणार?” एक मजूर ओरडला.

“ज्याला भूक लागेल तो!”

लोक हसले. तो मजूरही हसला. बाईंनी मोटारीकडे बघितलं नाही. त्यांनी आवाज चढवला आणि गिरणीत काम करणाऱ्या बायकांबद्दल बोलू लागल्या. त्या कर भरतात, कायदे पाळतात, पण ते कायदे करणाऱ्याला निवडताना त्यांना कोणी विचारत नाही. गळ्याच्या शिरा ताणून त्या बोलत राहिल्या. मधेच एका शेतकरणीने टोपली खाली ठेवली आणि ती पुढे सरकली.

काही वेळाने बाईंच्या लक्षात आलं, आपण उगाचच ओरडून बोलतोय. इंजिन बंद झालं होतं.