काकूंच्या सिक्लिडांची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी, सहा फुटी काचेची टाकी आहे. जुनी असले तरी आजवर माझ्यातून एक थेंब गळलेला नाही. थोडी बढाई मारते, पण खोटे सांगत नाही.

शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या पुढच्या खोलीत माझा मुक्काम आहे. मला आणले त्याच दिवशी त्यांनी पाणी भरले आणि संध्याकाळी मासे सोडले. आठवडाभरात सगळे मेले. मग माझ्यात कापडाचे गठ्ठे आले. ते दिवस मला फार जड गेले. काकूंनी पुन्हा मासे आणायचे काढले, तेव्हा काका म्हणाले, "आण. पण हेही मेले तर टाकी देऊन टाकणार. मला नाही बघवत."

या वेळी काकूंनी घाई केली नाही. वाळू, दगड, पाणी घातले, फिल्टर सुरू केला आणि रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिल्या. मासा मात्र एकही नाही!

"काय हो, पाणी पाळलंय का?" शेजारीण हसली.

"मुरू देतेय," काकू म्हणाल्या. त्या खाद्यावर फिल्टरच्या स्पंजात सूक्ष्म जीव वाढत होते; पहिल्या खेपेला तेच नव्हते. माशांची घाण पचवायची ती त्यांनीच.

सिक्लिड ही माशांची वाळू उकरणारी जात. रोप पुरले की सकाळी ते तरंगताना दिसते. म्हणून काकूंनी जाड पानांची रोपे काळ्या दोऱ्याने दगडांना आणि लाकडाला बांधली. शिवणाऱ्या हाताची गाठ ती, सुटते कुठली! मग एका वयाची पिल्ले एकदम सोडली, म्हणजे आधी आला म्हणून कोणी मालक होत नाही. तरी एक दांडगा निघालाच. काकू त्याला फौजदार म्हणत. तो सगळ्यांना पळवू लागला, तेव्हा त्यांनी सारे दगड इकडचे तिकडे केले. फौजदार आपला कोपरा शोधत बसला आणि भांडणे थांबली. असा माझा संसार बहरला.

एकदा काकू बहिणीकडे गेल्या. त्या येतील तेव्हा टाकी लख्ख दिसावी, म्हणून काकांनी तपकिरी स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला आणि दगडही घासले. मला वाचा असती तर मी ओरडले असते, की घाण पचवणारे जीवच धुऊन चाललेत! काकू परतल्या तेव्हा पाणी गढूळ झाले होते आणि फौजदारासकट सगळे वर येऊन धापा टाकत होते.

"अगं, मी फक्त स्वच्छ केलं," काका म्हणाले.

"कळलं मला. आधी ती बादली धरा."

काकूंनी अर्धे पाणी बदलले. मासे आणले त्या दुकानातल्या टाकीतला मळका स्पंज मागून आणला आणि माझ्या फिल्टरात बसवला. तरी दोन मासे गेले. बाकीचे हळूहळू सावरले. पण काकांचा शब्द मला आठवत होता आणि मी मनातून हादरले होते.

"मग, देऊन टाकायची का टाकी?" काकूंनी विचारले.

काका म्हणाले, "टाकीनं काय केलंय? चूक माझी होती. आता काय करू ते सांग."

"काही करू नका. रोज थोडा वेळ समोर बसा."

ते बसू लागले. परवा सपाट दगडावर अंडी दिसली, ती सगळ्यांच्या आधी काकांना. त्यांनी काकूंना हाक मारली, तीही हळू आवाजात, मासे बिचकू नयेत म्हणून.

मित्रांनो, जीव सांभाळायचा असेल तर हात लावण्याआधी नीट बघायला शिका. काकांनी माया तर पहिल्यापासून केली होती, पण आमच्याकडे बघितले नव्हते.