शेवटच्या आळ्यातली फळी

भाईंच्या बागेला दर चौथ्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी असे. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गावाने घातलेल्या मातीच्या बांधापासून पाट निघायचा आणि आठ घरांच्या बागांना पाळीपाळीने पाणी द्यायचा. सात वाजता भाई पाटाच्या तोंडावरचा दगड बाजूला करून पाणी बागेत घेत आणि पडवीत येऊन लिहायला बसत.

१९५८च्या उन्हाळ्यात मी त्यांच्या हस्तलिखिताची स्वच्छ प्रत करून देत होतो. मी बी.एस्सी. होऊन कोल्हापूरहून परत आलो होतो आणि जूनपासून शाळेत शिकवायला लागणार होतो. भाईंचं वय अडुसष्ट, नावावर अकरा कादंबऱ्या. हात कापत असल्याने त्यांचं अक्षर मुंबईच्या छापखान्यात लागत नसे.

मला नोंदी ठेवायची सवय होती. भाई रोज किती पानं लिहितात, किती खोडतात, सगळं वहीत होतं. भुरोही होता. भुरो त्यांचा कुत्रा; तेरा वर्षांचा, मागचा उजवा पाय आखडलेला. तो बागेच्या टोकाला, शेवटच्या पोफळीच्या आळ्यात गारव्याला पडून असे. पाळीच्या दिवशी मात्र पावणेनऊच्या सुमारास भिजून पडवीत यायचा आणि भाईंजवळ उभा राहून अंग झाडायचा. पानावर थेंब पडून शाई पसरायची. भाई पेनाला टोपण लावून उठायचे आणि बागेत फेरी मारून यायचे. वहीत पाच पाळ्यांच्या वेळा होत्या: ८.४२, ८.५०, ८.४४, ८.४७, ८.४५. शेजारी शेरा: ‘कुत्रा भिजतो. पान ६१ खराब.’

भिजून पाय आणखी आखडत असणार, आणि पानं तर खराब होतच होती. म्हणून मी घरून एक जुनी फळी आणली, त्या आळ्यात चार दगडांवर बसवली आणि वर गोणपाट घातलं. भुरोला ती लगेच आवडली.

पुढच्या पाळीला सव्वानऊ वाजून गेले तरी आम्ही दोघं लिहीत होतो. कुंपणापलीकडून शेजारची शेवंती ओरडत आली. तिच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत पडली होती.

“भाईनु, खंय लक्ष आसा तुमचा? पाणी माझ्या खळ्यात इला! सोलां सगळी भिजली. आता त्येंचा काय करू, कढी?”

भाई तसेच अनवाणी धावले आणि पाटाला दगड लावून आले. “माझी चूक, वयनी. लिवता लिवता भान ऱ्हवला नाय.”

“फाल्गुनातसुद्धा हेंच सांगल्यात!”

फाल्गुनात उंदरांनी बागेच्या कडेचा बांध पोखरला होता, तेव्हाही पाणी तिच्याकडे गेलं होतं. आणि पाटाचा नियम साधा होता. दोनदा दुसऱ्याच्या जागेत पाणी गेलं की पाऊस लागेपर्यंत पाळी बंद. भाईंनी दोन वर्षांपूर्वी बेचाळीस पोफळी लावल्या होत्या. पाण्याशिवाय त्या महिनाभर तगल्या नसत्या. संध्याकाळी बांधावर आठही घरं जमणार होती.

मी वही उघडली. त्या दिवसाची वेळ लिहायला गेलो तर लिहायला काही नव्हतं. भुरो आलाच नव्हता.

“भाई,” मी विचारलं, “भुरो आला की तुम्ही उठता ते पाणी बंद करायला?”

“मगे कशाक? पाय मोकळे करूक?” ते म्हणाले. “शेवटच्या आळ्यात पाणी इला की तो भिजता. भिजलो की माझ्याकडे येता. मग घड्याळ कशाक होया?”

मी त्यांना नेऊन फळी दाखवली. भुरो गोणपाटावर कोरडा झोपला होता. खालचं आळं तुडुंब भरलं होतं. भाईंनी वाकून त्याच्या कोरड्या पाठीवरून हात फिरवला.

“निजांदे तेका,” ते म्हणाले. “आणि कुत्र्याचा नाव बांधार काढू नको. लोक हसतत. चूक माझी, पाळी माझी.”

संध्याकाळी मी ते नाव काढलंच. पाळ्यांचं बघणारा धोंडू गावकार आधी हसला, मग बाकीचे. मी वही पुढे केली.

“म्हणजे कुत्रो पाणी राखता?” धोंडूने विचारलं.

“भुरो फक्त भिजतो. राखतात भाई. मी त्याला भिजू दिलं नाही, चूक माझी.”

शेवंती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “चार वर्सां कॉलेजात शिकलो आणि कुत्र्याचा घड्याळ मोडून बसलो!”

धोंडूने पुढच्या पाळीला स्वतः येऊन बघायचं ठरवलं. नाही जमलं तर पाळी बंद.

चौथ्या दिवशी मी पहाटेच फळी काढली. भुरो जरा वेळ फळीच्या जागेभोवती फिरला आणि मग आळ्यात बसला. धोंडू आणि शेवंती पडवीच्या पायरीवर बसले. भाई लिहीत होते. कोण आलंय याची त्यांनी दखलही घेतली नाही. साडेआठला मी टोकाला जाऊन पाहिलं. दोन पोफळी अलीकडे पाणी पोचलं होतं आणि भुरो गाढ झोपला होता. त्याला हाक मारायचा मोह मला झाला, पण मी परत आलो.

८.४६ला काही झालं नाही. ८.५०लाही नाही. शेवंती उठून आपल्या खळ्याकडे बघू लागली. ८.५३ला भुरो लंगडत बागेतून आला. पोटाखालून पाणी गळत होतं. धोंडूला हुंगून तो भाईंजवळ गेला आणि अंग झाडलं. भाईंनी वर न बघता टोपण लावलं, उठले आणि पाटाकडे चालू लागले. शेवंतीचं खळं कोरडं होतं.

“पाळी ऱ्हवली,” धोंडू म्हणाला.

“आणि माझी सोलां?” शेवंती म्हणाली. “ती कोण सुकयतलो? कुत्रो?”

ती मी सुकवली. टोपलीभर नवी कोकमं फोडून, चार दिवस रस लावून, उन्हात उलटीपालटी करून. शेवंती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “बी.एस्सी. आसा. जरा बघून शिका.”

फळी मी टाकून दिली नाही. तीन दिवस ती आळ्यात असे आणि चौथ्या दिवशी पहाटे मी ती काढत असे. त्या उन्हाळ्यात आणखी सहा पाळ्या झाल्या. वहीत सहाही वेळा आहेत, आणि पुन्हा लिहून काढलेल्या पानांचे आकडे.