ग्वाममधली शपथ

शंकररावांना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. दौंडच्या घरात त्यांनी दोनदा चहा मागितला आणि दोन्ही वेळा अर्धाच प्यायला. त्यांचा मुलगा सम्राट आज अमेरिकेचा नागरिक होणार होता, आणि तोही अमेरिकेत नव्हे, तर पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम नावाच्या बेटावर, तिथल्या अमेरिकी लष्करी तळावर.

सम्राट शिकायला म्हणून गेला आणि तिकडच्याच मुलीशी लग्न करून बसला. पुढं नोकरी गेली, तेव्हा कुणाला न विचारता तिथल्या फौजेत भरती झाला. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं आणि वर्षभरात ग्वामला बदली झाली. शंकरराव स्वतः राज्य राखीव पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वर्दीचं त्यांना वावडं नव्हतं. पण ती कुणाची, हे डोक्यातून जात नव्हतं.

"शपथ कसली घ्यायची असती रं?" त्यांनी आठवड्यापूर्वी फोनवर विचारलं होतं.

"त्यांच्या संविधानाची, आबा. आणि आधीच्या देशाची निष्ठा सोडली, असं म्हणायचं असतं."

"सोडली म्हंजी?"

"शब्द आहेत हो ते नुसते."

शंकररावांनी फोन बायकोच्या, विठाबाईंच्या हातात दिला होता. दर सव्वीस नोव्हेंबरला वस्तीतल्या विहारात ते स्वतः आपल्या संविधानाची उद्देशिका वाचायचे. एकेक शब्द सावकाश, ठासून. नुसते शब्द!

आता विठाबाई ठेवणीतली साडी नेसून मोबाइल समोर ठेवून बसल्या होत्या. शंकररावांनी पिशवी उचलली.

"आवं, निघालात कुठं? पोराचा फोन यायचाय."

"शिरूरला. मायाकडं."

"आजच?"

लेकीकडं जायला ते बाहेर पडले. एसटीत खिडकीशी जागा मिळाली, तरी चौफुल्यापर्यंत त्यांनी तीनदा जागा बदलली. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडली, तसं त्यांना बरंच वाटलं. तेवढ्यात तिकडं उरकून जाईल.

पण तिकडचा कार्यक्रमच लांबला होता. त्यांनी मायाच्या घरात पाऊल ठेवलं, तर समोरच्या टीव्हीवर सम्राट! मायानं मोबाइल टीव्हीला जोडला होता. मोठा हॉल, मागं परका झेंडा आणि ओळीत उभी दहा-बारा जवान पोरं. उजवे हात वर. शंकरराव दारातच थबकले. इंग्रजी त्यांना फारसं कळत नव्हतं, पण सम्राटचे ओठ मध्येच थांबलेले त्यांनी पाहिले. बाकीचे म्हणत राहिले, मग त्यानं पुढचे शब्द उचलले. टाळ्या वाजल्या.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. विठाबाईही दौंडवरून त्याच कॉलवर होत्या. मायानं कॅमेरा वडिलांकडं फिरवला.

"झालास?" शंकररावांनी विचारलं.

"झालो, आबा."

माया शाळेत इतिहास शिकवायची. ती म्हणाली, "आबा, ते बेट अमेरिकेनं स्पेनकडून घेतलं, सव्वाशे वर्षं झाली."

"आन् तिथली माणसं? त्यांना इचारलं कुणी?"

"नाही," सम्राटच म्हणाला. "काल गेटसमोर उभी होती. तळात गेलेली जमीन परत मागतात. एक म्हातारा तुमच्यासारखाच हात मागं बांधून उभा होता."

"ती कोन मंग? अमेरिकन का दुसरी?"

"जन्मानं अमेरिकन. पण राष्ट्राध्यक्ष निवडायला त्यांना मत नाही."

"आन् तुला?"

"मला आहे. मी भरती झालो त्या राज्यातलं, टपालानं."

शंकरराव ताडकन उठले. "तू आजचा, तुला मत? आन् ते तिथलेच, त्यांना न्हाई?"

"मलाही पटत नाही, आबा. पण नोकरी आहे. आणि..." तो घुटमळला. "आम्हाला मूल होणार आहे. इथंच."

विठाबाई फोनवरून काहीतरी ओरडल्या. माया हसायला लागली. शंकरराव मात्र मटकन खुर्चीवर बसले.

"मंग त्या म्हाताऱ्याला भेट," ते म्हणाले. "तुझं पोर त्याच्या मातीत जन्मणार. गेटातनं नुसतं बघून जाऊ नगं. नाव तरी इचार."

"ड्युटीवर बोलता येत नाही."

"सुट्टीला जा. वर्दी काढून."

पुढच्या महिन्यात सम्राटचा दौंडला फोन आला. तो गेला होता. म्हाताऱ्याचं नाव होसे. त्यानं मासे खाऊ घातले आणि विचारलं, तू कुठला?

"काय सांगितलंस?"

"अमेरिका म्हणालो, तर तो हसला. मग दौंड म्हणालो. रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, भीमा नदी आहे, सगळं सांगावं लागलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, आबा."

"आन् निघताना?"

"म्हणाला, बायकोला घेऊन ये. पण वर्दीत आलास तर दार उघडणार नाही."

"बरोबर हाय त्याचं," म्हणून शंकररावांनी फोन ठेवला. ते सुखावले की दुखावले, विठाबाईंना कळेना. चपला सरकवून ते बाहेर पडले, वस्तीच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि दारातूनच पुन्हा माघारी फिरले.